लिहायचे राहून का जाते?

कोणत्याही संस्थेची स्मरणिका निघायची ठरली की माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांच्याकडे लेख मागितले जातात. शुभेच्छा येतात, जाहिराती येतात, छायाचित्रेही येतात; लेख मात्र फार थोडे येतात. विचारणा केली तर उत्तरे ठरलेली असतात. 'वेळच मिळत नाही, सर.' 'मला बोलता येते, लिहिता येत नाही.' 'आपली भाषा शुद्ध कुठे आहे?' 'माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय घडले?' आणि थोड्या हळू आवाजात, 'लिहिले तर लोक काय म्हणतील?'

ही उत्तरे देणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांतील अनेकजण या वसतिगृहात राहून शिकले, नोकरीला लागले, घर उभे केले. कष्टाला ते कधीच भ्यालेले नाहीत. मग चार पाने लिहिण्यापाशीच पाय का अडखळतो? हा प्रश्न केवळ एखाद्याच्या आळसाचा नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले, त्या समाजाच्या इतिहासाचा तो प्रश्न आहे. इतिहासाचा अभ्यासक साधन मागतो. पत्र, वही, दाखला, आठवण यांपैकी काही तरी कागदावर असल्याशिवाय त्याला पुढे सरकता येत नाही. आपण जे लिहिणार नाही, ते आपल्या नातवंडांना कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. म्हणून या लेखात आपल्या सबबी एकेक करून तपासायच्या आहेत, आणि त्या कोणी कशा ओलांडल्या हे आपल्याच परंपरेतून पाहायचे आहे.

निमित्त एकच, निष्कर्ष दोन

सबब या विषयावर तथागतांनी फार बारकाईने विचार केलेला आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आळशी माणसाची सहा कारणे सांगितली आहेत. फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार उशीर झाला, अजून फार लवकर आहे, फार भूक लागली आहे, पोट फार भरले आहे, असे म्हणत तो काम टाळतो. ही यादी वाचताना हसू येते, कारण तीत आपण सगळेच सापडतो.

अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातात हाच विचार आणखी पुढे नेला आहे. तेथे आळसाची आठ निमित्ते आणि उद्योगाची आठ निमित्ते सांगितली आहेत. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की दोन्ही याद्यांतील प्रसंग तेच आहेत. एका भिक्खूला काही काम करायचे आहे. तो म्हणतो, 'काम केल्यावर शरीर थकेल, आधी पडून घेतो.' दुसऱ्यालाही तेच काम करायचे आहे. तो म्हणतो, 'कामाच्या गडबडीत धम्माकडे लक्ष देणे जमणार नाही, म्हणून आत्ताच प्रयत्न करतो.' काम झाल्यावर पहिला म्हणतो, 'थकलो, झोपतो'. दुसरा म्हणतो, 'कामात असताना जे राहिले ते आता करतो.' प्रवासाला निघण्यापूर्वी आणि प्रवासाहून आल्यावर, भिक्षा कमी मिळाली तेव्हा आणि पोटभर मिळाली तेव्हा, थोडे आजारपण आले तेव्हा आणि आजारातून उठल्यावर, प्रत्येक वेळी हेच घडते. भिक्षा कमी मिळाली तर एकाला अशक्तपणा वाटतो. दुसऱ्याला वाटते, शरीर हलके आहे, कामाला योग्य आहे. आजार किरकोळ असेल तर एक अंथरूण धरतो. दुसऱ्याला वाटते, हा वाढण्यापूर्वी काही करून घ्यावे.

या उपदेशाचे मर्म असे, की परिस्थिती स्वतः काही सांगत नाही. तिच्यातून निष्कर्ष आपण काढतो. 'निवृत्तीला दोन वर्षे राहिली आहेत, नंतर निवांत लिहू' असे म्हणता येते. 'दोन वर्षांनी आठवण इतकी ताजी राहणार नाही, म्हणून आज लिहू' असेही म्हणता येते. कारण तेच, एक लेखणी खाली ठेवायला लावते, दुसरे ती उचलायला लावते.

अडचण वेगळी, सबब वेगळी

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. प्रत्येक न लिहिणाऱ्याला आळशी ठरवणे हा अन्याय होईल. आपल्या केज तालुक्यातून आणि एकूणच बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली असते, मुकादम गाडी घेऊन दारात उभा असतो. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या परिसरात कोपी घालून पुढचे पाच-सहा महिने काढायचे असतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. पहाटेच्या अंधारात उठून स्वयंपाक उरकणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी आई रात्री चार ओळी लिहीत नाही, याला सबब म्हणता येत नाही. ती अडचण आहे, आणि ती तिने निर्माण केलेली नाही. आपल्यासारख्या निवासी शाळांची गरज याच अडचणीतून उभी राहिली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको.

अक्षराच्या बाबतीत तर ही विषमता फार जुनी आहे. येथून जवळच अंबाजोगाई आहे. सोळाव्या शतकातील दासोपंतांची प्रसिद्ध पासोडी तेथे जपून ठेवली आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर त्यांनी आपला 'पंचीकरण' हा विषय लिहून काढला. लिहिण्याची ऊर्मी असेल तर कागदावाचून अडत नाही, हा धडा त्या वस्त्रातून खुशाल घ्यावा. परंतु त्याच काळी, याच परिसरात, गावकुसाबाहेर राहणाऱ्या आमच्या पूर्वजांकडे सांगण्यासारखे काही नव्हते काय? होते. त्यांना अक्षरच शिकू दिले गेले नव्हते. त्यांच्या दुःखाची पासोडी कोठेही जपलेली नाही.

ही बंदी मोडल्याबरोबर काय घडले ते पाहा. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत दोन भागांत छापून आला. तिच्यापाशी पदवी नव्हती, घरात ग्रंथांचे कपाट नव्हते, पुढे चालवावी अशी घरातली लेखनपरंपरा नव्हती. होते ते जेमतेम तीन-एक वर्षांचे शिक्षण आणि डोळ्यांनी पाहिलेले दुःख. जे धर्मग्रंथ वाचण्याचाही आम्हाला अधिकार नाही, तो धर्म आमचा कसा, असा सरळ प्रश्न तिने विचारला. आज त्या काळातील अस्पृश्य स्त्रीचे जीवन शिकवताना प्रत्येक अभ्यासकाला या मुलीचे बोट धरावे लागते.

तेव्हा बाहेरची बंदी आज उठली आहे. ज्याला अक्षर येते, ज्याच्या हाताशी वही आहे आणि आठवड्यातून एखादा तास ज्याच्या मालकीचा आहे, त्याच्यापुरता प्रश्न अडचणीचा उरत नाही. त्याच्या मनात त्या जुन्या बंदीची सावली तेवढी उरलेली असते. 'लिहिणे हे आपले काम नव्हे' हा विचार आपला स्वतःचा नाही. तो आपल्यावर लादलेला आहे. लादलेली गोष्ट ओळखली की ती उतरवून ठेवणे सोपे जाते.

'वेळ नाही, जागा नाही'

वेळेच्या सबबीला सर्वांत ठोस उत्तर फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी दिले आहे. त्यांचे शालेय शिक्षण थोडके. लग्न लहानपणी झालेले, संसार मोठा, उपजीविकेसाठी छोटेसे दुकान. त्या दुकानात बांधाबांधीसाठी येणाऱ्या रद्दीतील वर्तमानपत्रे त्या वाचत. पती माल आणायला बाहेर गेले की गल्ल्याजवळ बसून लिहीत. घरात लिहिण्याला मोकळीक नव्हती, म्हणून लिहिलेले कागद लपवून ठेवीत. अशी वीसएक वर्षे गेली. पुढे फलटणमध्ये शैक्षणिक कार्य करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या पाहण्यात ते लेखन आले, त्यांनी प्रोत्साहन दिले. ते 'स्त्री' मासिकातून आले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. नंतर त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. त्याच बेबीताईंनी फलटणजवळ निंबुरे येथे वंचित मुलांसाठी आश्रमशाळा चालवली, ही गोष्ट आपल्यासारख्या निवासी शाळेच्या परिवाराने विशेष लक्षात ठेवावी.

या उदाहरणातून काय शिकावे? त्यांना सलग वेळ कधीच मिळाला नाही. मिळाले ते तुकडे, एक गिऱ्हाईक गेले आणि दुसरे यायचे आहे त्यामधले. आपण मात्र सलग आठ दिवसांच्या सुट्टीची वाट पाहतो. ती सुट्टी लग्नसराईत, शेतीच्या कामात आणि पाहुण्यांत निघून जाते. लेखन तुकड्यांत होते. रोज अर्धे पान लिहिणाऱ्याची वर्षाअखेर दीडशेहून अधिक पाने होतात. हा हिशेब कोणीही मांडून पाहावा.

जागेविषयीही तेच. अण्णा भाऊ साठे यांची शाळा दीड दिवसाची, असे म्हटले जाते. मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून त्यांनी कथा, कादंबऱ्या, लोकनाट्ये, पोवाडे लिहिले. १९५९ साली आलेली 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. स्वतंत्र खोली, मेज आणि शांतता ही लेखनाची सोय आहे, अट नव्हे.

आणि प्रकृतीचे कारण सांगणाऱ्यांनी बाबासाहेबांची शेवटची वर्षे आठवावीत. मधुमेह, पायांच्या वेदना, मंदावलेली दृष्टी यांनी शरीर खंगले होते. तरीही 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या ग्रंथाचे काम थांबले नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्यासमोर होते. ६ डिसेंबरच्या पहाटे दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. अंगुत्तरनिकायातील तो दुसरा भिक्खू, जो आजार वाढण्यापूर्वी कामाला लागतो, तो कसा असतो याचे याहून मोठे उदाहरण आपल्याला शोधावे लागत नाही.

'आपली भाषा शुद्ध नाही'

ही सबब शाळेत शिकलेल्यांच्या तोंडी अधिक असते, आणि त्यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे. वर्गात असा अनुभव नेहमी येतो. 'माझा आवडता ऋतू' हा निबंध दिला की तीस वह्यांत मार्गदर्शकातील एकच पाऊस पडतो. तोच प्रश्न बदलून, 'आईवडील कारखान्यावर जातात तो दिवस कसा असतो?' असे विचारले की वह्या वेगळ्या होऊ लागतात. त्यात मोळी येते, वाढे येतात, पहाटे भरून जाणारी गाडी येते, पट्टा पडायची वाट पाहणारी आजी येते. शुद्धलेखनाच्या चुका असतात. पण प्रत्येक पान त्या मुलाचे स्वतःचे असते.

मराठीतील दलित आत्मकथनांनी हा प्रश्न कधीच निकाली काढला आहे. मराठवाड्याच्या मातीतून आलेले प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली प्रसिद्ध झाले. त्यातील बोली ही त्या पुस्तकाची उणीव ठरली नाही. तिच्यामुळेच ते जीवन वाचकाला खरे वाटले. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' या पुस्तकाचे नावच बोलीतले आहे. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले. शांताबाई शिक्षिका होत्या, प्रमाण मराठी त्यांना शिकवता येत होती. तरीही जन्माला 'जल्म' म्हणणाऱ्या घराची गोष्ट त्यांनी त्याच शब्दात सांगितली.

याचा अर्थ व्याकरण शिकू नये असा मुळीच नाही. प्रमाणभाषा हे आपण मिळवलेले हत्यार आहे आणि ते धारदार ठेवलेच पाहिजे. परंतु क्रम लक्षात घ्यावा. आधी लिहावे, मग सुधारावे. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्याकडून तपासून घेता येते. आपली आठवण दुसरा कोणी लिहून देऊ शकत नाही. कोपी, उचल, कोयता हे शब्द ज्या अर्थाने आपल्या घरात वापरले जातात, तो अर्थ आपणच नोंदवायचा आहे.

'माझ्या आयुष्यात विशेष काय घडले?'

इतिहास म्हणजे राजे आणि लढाया अशी समजूत असल्यामुळे ही सबब निर्माण होते. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेसे लेखन या दृष्टीने वाचावे. पदव्या, परिषदा, वाटाघाटी यांपैकी कशावरही त्यात भर नाही. त्यात प्रवासात न मिळालेले पाणी आहे, नाकारलेला निवारा आहे, बैलगाडी आहे. १९३४ साली सहकाऱ्यांबरोबर वेरूळला जाताना ते दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. दिवस रमजानचे होते. प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय त्यांनी तेथील हौदाच्या पाण्याने धुतले. त्यावरून, 'हौद बाटवला' म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला, वाद झाला. शेवटी किल्ला पाहू दिला, परंतु आत कोठे पाण्याला हात लावतील म्हणून बरोबर शिपाई दिला. सारा प्रसंग फार थोड्या वेळाचा. त्या दिवशी निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, असे किती प्रसंग घडले असतील! त्यांपैकी हा एक आज आपल्या हाती आहे, कारण तो लिहिला गेला. अस्पृश्यता एका धर्मापुरती मर्यादित राहिली नव्हती, हे दाखवणारा तो पुरावा झाला.

लिहिणाऱ्याला जे किरकोळ वाटते, ते पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाला मौल्यवान असते. वसतिगृहात पहिल्या रात्री कोण रडले, पेटीत आईने काय बांधून दिले होते, घरी निरोप कसा पोचत असे, पहिली बुद्धवंदना कोणी शिकवली, पहिला पगार कोणाच्या हातात ठेवला, या गोष्टी कोणत्याही सरकारी अहवालात नोंदलेल्या नसतात. त्या फक्त आपल्यापाशी आहेत.

'लोक काय म्हणतील?'

ही सबब सर्वांत खोल आहे, म्हणून तिला थट्टेवारी नेऊ नये. घरातील दारिद्र्य, व्यसन, अपमान, आईला पडलेला मार हे लिहायचे म्हणजे आपल्याच माणसांना उघडे पाडणे, असे वाटते. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' आले तेव्हा समाजातील काहींना तसे वाटलेही होते. जुना उकिरडा कशाला उकरायचा, असा त्यांचा सूर होता. पवार यांनाही हा संकोच ठाऊक होता. त्या पुस्तकात त्यांनी स्वतःचे दोन भाग केले. एक शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि दुसरा गावातला दगडू मारुती पवार. दगडू सांगतो आणि दया ऐकतो. जे स्वतःच्या तोंडून सांगवत नव्हते, ते अशा रीतीने सांगता आले.

ज्यांना हा संकोच वाटतो त्यांच्यासाठी एक भेद उपयोगी पडेल. लिहिणे आणि छापणे ही दोन वेगळी कामे आहेत. लिहिताना सर्व लिहावे. छापताना निवड करावी. नाव बदलता येते, एखादा प्रसंग वहीतच ठेवता येतो, हयात व्यक्तीची परवानगी घेता येते. परंतु जे लिहिलेच नाही, त्याची निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय आपली दुःखे ही आपली लाज नव्हे. ज्या व्यवस्थेने ती दिली तिची ती लाज आहे, हे बाबासाहेबांच्या चळवळीने आपल्याला शिकवले आहे.

प्रेरणा कोठून येते?

'मनात आले की लिहीन' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रेरणा पावसासारखी आधी पडते आणि मग लेखन उगवते, अशी त्यांची कल्पना असते. लेखनाचा इतिहास वेगळे सांगतो. प्रेरणा बहुधा तीन ठिकाणांहून येते, आणि तिन्ही ठिकाणी आपल्याला आपल्या पायांनी जाता येते.

पहिले ठिकाण म्हणजे वाचक. कोणासाठी लिहायचे हे ठरले की काय लिहायचे हे सुचू लागते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांना स्वतः लिहून काढावे लागत. परिषदा, सत्याग्रह, वकिली आणि अध्यापन सांभाळून ते लिहिले गेले, कारण पुढच्या अंकाची वाट पाहणारा एक वाचक डोळ्यांसमोर होता. औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' सुरू केले, तेव्हा मराठवाड्यातील आणि महाराष्ट्रातील अनेक नव्या लेखकांना हेच मिळाले. आपले लेखन कोणीतरी मागते आहे, वाचते आहे, छापते आहे, ही जाणीव शेकडो उपदेशांपेक्षा अधिक काम करते. तुमच्याकडे आलेले स्मरणिकेचे पत्र ही तशीच मागणी आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे हरवण्याची भीती. तथागतांचा उपदेश अनेक पिढ्या मुखोद्गत होता. तो इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, राजा वट्टगामणी अभय याच्या काळात, श्रीलंकेत ग्रंथरूपाने लिहिला गेला. आलुविहार हे त्याचे स्थळ मानले जाते. तो काळ युद्धाचा आणि भीषण दुष्काळाचा. पाठ असलेले भिक्खूच मरण पावू लागले, तर धम्म कोठे राहणार, हा प्रश्न उभा ठाकला होता. 'महानिद्देस' हा ग्रंथ पाठ असलेला एकच भिक्खू उरला आणि इतरांनी घाईने तो त्याच्याकडून शिकून घेतला, असे अट्ठकथेत नमूद आहे.

आपल्याकडे आज तीच वेळ आहे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे बाबासाहेब परिषदेसाठी आले होते. ती परिषद प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, लोक गाव सोडून गेले. आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत कोणाच्या घरात काय घडले, कोणी कोणाला आसरा दिला, शेजारधर्म कोणी पाळला आणि कोणी मोडला, हे ज्यांना ठाऊक आहे ते आपल्याच घरात ओसरीवर बसलेले आहेत. त्यांच्यातील एकेक जण जातो तेव्हा आपल्या महानिद्देसाची एकेक प्रत नाहीशी होते.

तिसरे ठिकाण म्हणजे दुसऱ्याची गोष्ट. स्वतःविषयी लिहिणे जड जात असेल, तर दुसऱ्याचे ऐकून लिहावे. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीत भाग घेतलेल्या स्त्रियांचा शोध घेतला, वृद्ध झालेल्या अनेकींना भेटून त्यांच्या आठवणी नोंदवल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. त्या स्त्रियांपैकी अनेकींनी स्वतः लेखणी धरली नसती. कोणीतरी समोर बसले, विचारले आणि लिहून घेतले, म्हणून त्यांचा इतिहास उरला. ऊसतोडीला जाणाऱ्या ज्या आईचा उल्लेख वर केला, तिच्या अडचणीवरचा उपायही हाच आहे. तिला वेळ नाही; पण तिचा शिकलेला मुलगा किंवा मुलगी तिच्यासाठी लिहू शकते.

सुरुवात कशी करावी?

काही साधे उपाय येथे सुचवतो. ते वर्गात आणि वर्गाबाहेर उपयोगी पडताना पाहिले आहेत.

एक, विषय लहान घ्यावा. 'माझे जीवन' असे लिहून बसले की पान कोरे राहते. 'वसतिगृहातला पहिला दिवस', 'आमच्या घरातली पहिली नोकरी', 'आजोबांनी सांगितलेले धर्मांतर' असा एकच प्रसंग घ्यावा.

दोन, एका माणसाला उद्देशून लिहावे. नात, धाकटा भाऊ, वर्गमित्र, जो जवळचा असेल त्याला पत्र लिहीत आहोत असे समजावे. पत्र लिहिताना भाषेची भीती आपोआप कमी होते.

तीन, वेळ ठरवावी, मनःस्थिती ठरवू नये. आठवड्यातील एक तास, शक्यतो एकाच वेळी. पौर्णिमेला वंदनेसाठी आपण वेळ काढतोच. त्या दिवसाला एका पानाची जोड द्यावी. सुचो न सुचो, तेवढा वेळ वही उघडी ठेवावी.

चार, बोलता येते पण लिहिता येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी मोबाइलमध्ये बोलून ठेवावे आणि मग ते ऐकत उतरवून काढावे. वडीलधाऱ्यांकडून माहिती घेतानाही हाच मार्ग सोयीचा आहे.

पाच, प्रत्येक पानावर तारीख, गाव आणि माणसांची नाती लिहावीत. 'एकदा दुष्काळ पडला होता' यापेक्षा '१९७२ चा दुष्काळ, मी तिसरीत होतो' हे वाक्य अभ्यासकाला शंभरपट उपयोगी आहे. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून नोंदवावे, पाहिलेले ते पाहिलेले म्हणून. पदरचे काही घालू नये. सम्यक वाचा लेखनालाही लागू आहे.

सहा, पहिला मसुदा कोणालाही दाखवू नये आणि फाडूही नये. आठ दिवसांनी स्वतः वाचावा, मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते तेथे वाक्य दुरुस्त करावे. मग एखाद्या शिक्षकाकडून शुद्धलेखन पाहून घ्यावे.

पालकांना एक विनंती. सुट्टीत मुले घरी येतात तेव्हा त्यांना आजी-आजोबांजवळ बसवावे आणि एक वही द्यावी. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी, की पुढील स्मरणिकेच्या पत्राची वाट न पाहता दोन पाने लिहावीत आणि शाळेच्या ग्रंथालयात पाठवावीत. पाने छापली जावोत वा न जावोत, ती जपली जातील. आणि आणखी वीस वर्षांनी या वसतिगृहात शिकणारे एखादे मूल आपल्यासारख्याच घरातून आलेल्या माणसाने लिहिलेली ती पाने वाचील. 'माझ्यासारखे कोणी यापूर्वी येथे होते का?' हा त्या मुलाचा प्रश्न असेल. त्याचे उत्तर देण्याइतका वेळ आपल्या प्रत्येकाकडे आज आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!